जुन्या नंबरावरची नवी जीप

‘व्हिंटेज’ हा सध्या जुन्या गाड्यांच्या बाजारातला सगळ्यात महागडा पार्ट आहे. तीस वर्षं वडाप करून, खताची पोती वाहून थकलेल्या जीपला मॅट हिरवा रंग द्यायचा. मागचा टप कापून हौदा काढायचा, जाड टायर चढवायचे, पुढे विंच लावायचा आणि जाहिरातीत लिहायचं : ‘व्हिंटेज पिकअप, मिलिटरी ऑक्शन, इंजिन एकदम कडक.’ पहिल्या चार-पाच वर्षांच्या पगारातून थोडे पैसे साठवलेली आमची पिढी ही जाहिरात बघते आणि विरघळते.

माझं म्हणणं सरळ आहे. यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या नाहीतच. त्या अलीकडे बांधलेल्या नव्या गाड्या आहेत, फक्त जुन्या नंबरावर फिरतात. आणि त्या आपल्या गळ्यात पडतात कारण आपण तपासतो तो क्रम चुकीचा आहे : आधी रंग, मग इंजिनाचा आवाज, मग भाव, आणि टोकन देऊन झाल्यावर कागद. हा क्रम बरोब्बर उलटा हवा.

मी दिवसभर कोड लिहितो. मित्र जीप बघायला जाताना मला नेतात, कारण गाडीखाली झोपायला कुणीतरी लागतं. तिथे जे दिसतं ते ऑफिसात दिसतं तसंच असतं. स्क्रीन चकचकीत, आणि खाली डेटाबेसमध्ये एकाही नोंदीचा दुसरीशी मेळ नाही.

आधी त्या शब्दाचाच निकाल लावू. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनाची व्याख्या आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा खासगी चारचाकी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

आता हिशेब करा. महिंद्राची एमएम ५४० ऐंशीच्या दशकातली, ती अजून पन्नाशीला पोचलेली नाही. टप कापून केलेली पिकअप मूळ स्वरूपात नाही. तेव्हा ‘व्हिंटेज म्हणून पासिंग करून देतो’ असं म्हणणाऱ्याला एक तर नियम माहीत नाही, नाहीतर तुम्हाला तो माहीत नसावा अशी त्याची आशा आहे.

मग या गाड्या येतात कुठून? विलीजच्या जीपा महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या. पुढे सीजे-३बी आणि तिची भावंडं कित्येक वर्षं बनत राहिली. सैन्य, पोलीस, वनखातं, पंचायत समिती, सगळीकडे जीप होती. त्यामुळे तिचे पार्ट आजही मिळतात, पत्र्याची अख्खी बॉडी नवी मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर तुम्ही सांगाल तशी जीप बांधून देण्याचा उघड धंदा आहे. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. प्रश्न वेगळा आहे. काल बांधलेली जीप रस्त्यावर आणायची तर तिला कुठल्यातरी जुन्या जीपची आरसी लागते. ती कुणाची, हे विचारल्याशिवाय पुढचं काहीही बघण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिली तपासणी चेसिस नंबरची. तो चेसिसच्या लोखंडात ठोकलेला असतो. तिथला चिखल-ग्रीस पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओचे एजंट घेतात तशी प्रिंट घ्या. आकडे एका रेषेत आहेत का? आजूबाजूचं लोखंड ग्राइंडरने घासून पातळ झालंय का? शेजारी वेल्डिंगची चौकोनी रेघ आहे का? नंबर असलेला तुकडा कापून दुसऱ्या चेसिसवर डकवता येतो. असं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. भाव कमी करून मागू नका.

दुसरी तपासणी आरसीची. इंधन, इंजिन नंबर, वाहनाचा वर्ग, सीट, एकेक ओळ समोरच्या गाडीशी जुळवा. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर तो बदल नोंदलेला हवा. आरसीवर प्रवासी जीप आणि समोर हौदा, तरी तेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. नोंदणीची मुदत आणि पर्यावरण कर बघा. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी, कर्ज असेल तर फॉर्म ३५. एमपरिवाहन ॲपवर नंबर सापडत नसेल, तर जुनं पुस्तक ऑनलाइन चढवण्याचं बॅकलॉगचं काम विक्रेत्याकडून आधी करून घ्या. ‘मूळ मालक वारले, पण सह्या केलेले कोरे फॉर्म आहेत’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते, त्याला फॉर्म ३१ आहे. मेलेल्या माणसाच्या सहीवर गाडी घेऊ नका.

तिसरी तपासणी गाडीखालची. चटई टाका, टॉर्च लावा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. पाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंट आणि स्टिअरिंग बॉक्स बसवलेली जागा, या तीन ठिकाणी तडे आणि वेल्डिंग शोधा. खाली ताजा, जाड काळा कोट मारलेला असेल तर तो काय झाकतोय असं विचारा. कोकणात राहिलेल्या गाडीला हा प्रश्न दोनदा विचारा. बॉडीवर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे.

चौथी ब्रेक आणि स्टिअरिंग. पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. जुन्या जीपांत ब्रेकची एकच लाइन असते, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. पुढचं चाक जॅकवर उचला आणि वरून-खालून धरून हलवा. खडखड झाली तर किंगपिन किंवा बेअरिंगला खर्च आहे.

इंजिन सगळ्यात शेवटी. जाण्याआधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर का ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा, तिथून भकाभका वाफ आली तर इंजिन कामाला आलंय. पण इंजिन उतरवून बांधता येतं. खोटा चेसिस नंबर कुठल्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

यावर मला ऐकवलं जातं, ‘अरे, जीप म्हणजे फील असतो, तू तिची एक्सेल शीट करतोयस.’ पार्ट बदलण्याला माझा विरोध नाही. गावाकडे एखाद्या मेस्त्रीने चाळीस वर्षं सांभाळलेल्या जीपमध्ये निम्मे पार्ट बदललेले असतात आणि ती खरी जुनी गाडी असते, कारण तिची चेसिस तीच आहे आणि कागदांची साखळी तुटलेली नाही. चीड येते ती या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही याची. तिचा रंग उडालेला, टायर साधे, रीलमध्ये ती दिसणार कशी? मग ती भंगारात जाते आणि तिचा नंबर दुसऱ्याच गाडीवर चढतो.

आणि हा फील तुमच्या एकट्यापुरता नसतो. सिंहगडाच्या घाटात तुमच्या मागे हौद्यात मित्र बसलेले असतात, समोरून कुणीतरी स्कूटरवर येत असतं. आरसीवरची गाडी आणि धडकलेली गाडी वेगळी निघाली, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. मग त्या स्कूटरवाल्याच्या दवाखान्याचं बिल कुणी भरायचं?

तेव्हा रविवारी जीप बघायला जाल तेव्हा चटई, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, लोहचुंबक, कागद आणि पेन्सिल न्या. टोकनचे पैसे घरी ठेवा.