सव्वातेरा सूत

नव्या घराचं स्टेटस हल्ली टीव्हीच्या इंचांवर ठरत नाही, ड्रॉवरच्या आवाजावर ठरतं. पाहुणे आले की यजमान त्यांना किचनमध्ये नेतो, ड्रॉवरला हलकासा धक्का देतो आणि... काहीच ऐकू येत नाही. सगळी गंमत तीच! खण अलगद आत सरकतो, शेवटी आपणहून हळू होतो आणि बिनआवाज मिटतो. दोन्ही बाजूंना चॅनल दिसत नाही, कारण तो खणाच्या पोटाखाली लपलेला असतो. अंडरमाउंट चॅनल म्हणतात तो हाच.

आता दुसरं घर. चॅनल तोच, किंमतही तीच. पण खण अर्धा इंच बाहेरच थांबतो, नाहीतर एका कोपऱ्यात कुरकुरतो. मग आधी कंपनीच्या नावाने बोटं मोडायची, नंतर मिस्त्रीच्या. माझगावात मित्रमंडळींची तीन-चार रिनोव्हेशन्स मी जवळून पाहिली. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा एकच निघालं. सूत.

सूत म्हणजे मिस्त्रीचं माप. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिमी. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, पण सुतारकामात सूत अजून ठणठणीत आहे. इथे तर गंमतच आहे. माझगाव डॉकच्या भिंतीआड मिलिमीटरच्या हिशोबात पाणबुड्या जोडल्या जातात. ‘कलवरी’ इथेच बनली आणि २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. भिंतीबाहेर, रे रोडच्या वखारींकडे वळलात की हिशोब फूट आणि सुतात. प्लायवूडचा पत्रा तर दोन्ही जगांत राहतो : लांबी-रुंदी आठ बाय चार फूट, जाडी मात्र १२ किंवा १८ मिमी!

सूत म्हणजे अडाणीपणा, असं मात्र समजू नका. जुना खण लाकडावर लाकूड घासत चालायचा. जुलैत समुद्राची दमट हवा लागली की लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि खण अडतो. आपल्या आज्या त्यावर मेणबत्ती घासायच्या, आठवतंय? म्हणून शहाणा सुतार आधीच एखादं सूत ढिलं सोडायचा. ती ढिलाई पावसाळ्यासाठी असायची.

मग बाजूला लावायचा टेलिस्कोपिक चॅनल आला आणि त्याचं सुताशी मस्त जमलं. त्याला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते. म्हणजे कपाटाच्या आतल्या मोकळ्या रुंदीतून एक इंच वजा, बरोब्बर आठ सूत, आणि उरलं ते खणाचं बाहेरचं माप. गणित तोंडपाठ. वर्षानुवर्षं हेच करून मिस्त्रीचा हात बसलेला असतो.

अंडरमाउंट इथेच घात करतो. त्याचं माप बाहेरून नाही, खणाच्या आतून धरायचं. ऑस्ट्रियाच्या ब्लूम कंपनीच्या टँडेम चॅनलचं उदाहरण घ्या. खणाच्या बाजूची पट्टी १६ मिमीपर्यंत जाड असेल, तर कपाटाच्या मोकळ्या रुंदीतून ४२ मिमी वजा करायचे. येईल ती खणाची आतली रुंदी. मोकळी रुंदी ५६४ असेल, तर आतून ५२२. आणि ४२ मिमी म्हणजे किती सूत? सव्वातेरा! मिस्त्री तेरा धरेल, तर पाऊण मिमीचा फरक, कदाचित निभावून जाईल. चौदा धरले, तर अडीच मिमी. मग खण चॅनलला आत खेचत राहतो, आणि तुम्ही कस्टमर केअरला फोन लावत राहता.

बाकीची मापंही अशीच हट्टी. खणाचा तळ बाजूच्या पट्टीच्या खालच्या कडेपासून १३ मिमी वर बसवायचा, त्या पोकळीतच चॅनल राहतो. ४५० चा चॅनल असेल, तर खणाची लांबी ४४०. मागच्या फळीला दोन खाचा आणि ६ मिमीची दोन भोकं, त्यात चॅनलचे आकडे अडकतात. पुढे, तळाखालच्या दोन कोपऱ्यांत क्लिपा. त्या दाबल्या की अख्खा खण बाहेर येतो, झुरळांचा बंदोबस्त करायला बरं!

एक छुपा व्हिलनही आहे : लॅमिनेट. १६ मिमी प्लायला दोन्हीकडून एकेक मिमीचं लॅमिनेट लावलं की पट्टी १८ ची होते आणि १६ ची अट मोडते. त्यापेक्षा १२ मिमी प्लाय घ्या, लॅमिनेटसकट १४ होईल.

पण हे सगळं करायचं कशाला? फायदा मोजूया. १६ मिमी जाड पट्ट्यांचा खण टेलिस्कोपिकऐवजी अंडरमाउंटवर बसवला, तर आतली रुंदी जवळजवळ पाच सुतांनी वाढते. मात्र तळाखाली चार सूत उंची जाते. म्हणून ताटं, कुकर, कपडे यांच्या खोल खणांना तो शोभतो. चमच्यांच्या उथळ खणात, बजेट ताणलेलं असेल तर, साधा टेलिस्कोपिक लावा. कुणी नावं ठेवणार नाही.

आणि लावायचाच असेल तर क्रम बदला. आपण आधी फर्निचर बनवतो आणि हार्डवेअर शेवटी आणतो. इथे चॅनल आधी घरात हवा, करवत नंतर. डब्यातल्या कागदावर त्या मॉडेलची मापं असतात. कंपनी बदलली की आकडे बदलू शकतात, तेव्हा तो कागद मिस्त्रीसोबत बसून वाचा. एक मिलिमीटरची टेप त्याच्या हातात द्या. जुन्या बिल्डिंगची जमीन सरळ असेलच असं नाही, त्यामुळे कपाट आधी लेव्हलमध्ये आणि गुण्यात बसवून घ्या. खणाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील, तर जगातला कुठलाही चॅनल तो खण सरळ चालवणार नाही. आणि सहा खण एकदम कापू नका. एक करा, बसवा, महिन्याचं वाणसामान भरून दहा वेळा उघडा-मिटा. मगच बाकीचे पाच.

चॅनलचे पैसे आपण मुकाट मोजतो आणि मिस्त्रीच्या रोजावर घासाघीस करतो. पण चॅनल फक्त खण वाहून नेतो. खण काटकोनात आणतो तो मिस्त्रीच. त्या कामाला एक दिवस जास्त लागला, तर लागू द्या आणि त्याचे पैसेही द्या. फक्त काम सुरू होण्याआधी त्याच्या पेन्सिलीने प्लायवर ठळक लिहून घ्या : ‘४२, आतून’.