खोली मागितली, रोकड दिली

दर्यापूरकडचा एक पोरगा. बारावी झाला, अमरावतीत बी.एस्सी.ला नंबर लागला. सरकारी वसतिगृहाची यादी लागली, यादीत नाव नाही. कचेरीत सांगितलं, स्वाधारचा फॉर्म भर. भरला. मग खोली पाहत हिंडला. एके ठिकाणी भाडं ठरलं, पंखा कोणता लावायचा इथपर्यंत बोलणं गेलं, अन् घरमालकानं विचारलं, "नाव सांगतलं तुम्ही, आडनाव काय म्हणलं?" पोरानं आडनाव सांगितलं. "मंग थांबा, पोराले विचारून सांगतो." मालकाचा पोरगा पुण्याला असतो म्हणे. त्याला अजून फोन लागलेला नाही.

आठ दिवसांनी आमच्याकडे आला. "दादा, खोली भेटून नाही राह्यली."

दोस्तहो, आता हिशेब मांडू. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. वसतिगृहात जागा नाही? मग अनुसूचित जातीच्या, नवबौद्ध पोराच्या खात्यात थेट पैसे. अमरावतीसारख्या विभागीय शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले. त्यात जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. म्हणजे दिवसाला ७७ रुपयांत दोन वेळचं पोट अन् महिन्याला १,२५० रुपयांत छप्पर. बरं, हा पैसा पहिल्या तारखेला येत नाही. पोरगं आधी उधारीवर जगतं, मेसवाल्याची बोलणी खातं, हप्ता मागून येतो. आणि पंचाहत्तर टक्के हजेरी पाहिजे. मजुरीला गेला की हजेरी गेली, हजेरी गेली की पैसा गेला.

आता शहाणे म्हणतात, रोकड म्हणजे स्वातंत्र्य! हवं तिथं राहा, हवं ते खा, वॉर्डनची कटकट नाही. कसलं स्वातंत्र्य रे? ज्या बाजारात आडनाव विचारल्याशिवाय चावी मिळत नाही, त्या बाजारात माझ्या खिशात ५१ हजार टाकून तुम्ही मला मोकळं सोडलं, का मोकाट सोडलं? वसतिगृहाच्या दारात आडनाव आडवं येत नाही. तिथं ते आपल्या हक्काचा दाखला असतं.

हे खूळ फक्त इथलं नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यानं २०२२ साली सगळ्याच आईबापांना दार उघडलं: पोरगं सरकारी शाळेतून काढा, पैसा तुमच्या खात्यात, घरी शिकवलं तरी चालेल. टेक्सासचा कायदा २०२५ चा, त्यात घरी शिकणाऱ्या पोराला वर्षाला २,००० डॉलरपर्यंत. गंमत अशी की घरी शिकवणाऱ्यांतलेच काही जण ओरडतात, नको तुमचा पैसा, पैशामागून इन्स्पेक्टर येईल. त्यांची भीती खरी आहे. पण ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट अन् शिकलेली आई आहे, त्यालाच ही भीती परवडते. आमच्या घरात एक खोली, त्यात सहा माणसं, अन् माय पाच वाजता कामावर. आमचं घर शाळा होऊ शकत नाही. म्हणून तर आम्ही घरातून निघालो.

आणि शाळा मोडून हातात पैसा देण्याचा डाव पँथरवाल्यांनी तरी ओळखावा. व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड नावाच्या काउंटीनं १९५९ साली काळ्या-गोऱ्या पोरांना एकत्र बसवण्यापेक्षा सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं. गोऱ्यांनी खासगी शाळा काढली, आईबापांना फीसाठी सरकारी पैसा मिळाला. काळी पोरं १९६४ पर्यंत, सुप्रीम कोर्टानं कान पिळेपर्यंत, बिनशाळेची. त्या पैशालाही तिथं आईबापांची निवडच म्हणत होते.

मग आपल्यातले काही कडवे म्हणतात, सरकारी पैसाच नको, मिंधेपण येतं. भाऊ, हा पैसा सरकारच्या बापाचा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी हेच मांडलं की सारा भरतो कुणबी अन् शिक्षणाचा खर्च होतो वरच्या जातींवर. आपला पैसा आपण घ्यायचा, त्यात लाज कसली? पण दोरी कोणाच्या हातात आहे हे डोळे उघडे ठेवून घ्यायचा. भाऊराव पाटलांनी तोंड उघडलं तेव्हा, १९४८ साली, खेर सरकारनं रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवलं होतं. बहुजनांची हजारो पोरं एका सहीला लटकली. तेव्हा खेरांकडे रदबदली करायला कोण गेलं? आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा. शाळेची पायरी न चढलेला माणूस शाळांचं अनुदान सोडवायला गेला! त्याच बाबांनी लोकांच्या पैशातून उभी केलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. एका हातानं सरकारकडून वसूल केलं, दुसऱ्या हातानं स्वतःची भिंत उभी केली. आपण मात्र दोन्ही हातांनी फॉर्म भरतो.

भिंतीचं महत्त्व सरकारला कळतं, आपल्याला कळत नाही. खात्यातला पैसा एका कागदानं थांबतो. ९ फेब्रुवारी २०२४ ला एक अधिसूचना निघाली अन् एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरिबांच्या २५ टक्के जागांतून सूट मिळाली. हायकोर्टानं १९ जुलैला ती रद्द केली म्हणून वाचलो. आणि भिंतीच्या आत काय होतं ते वेगळंच. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरं रात्ररात्र भांडली, १९७२ ला त्यातूनच पँथरची हवा पेटली. शंभर पोरं एका छताखाली झोपली की मेसच्या डाळीपासून सुरुवात होते अन् मंत्रालयापर्यंत जाते. तीच शंभर पोरं शंभर भाड्याच्या खोल्यांत टाका. प्रत्येक जण आपापला हप्ता मोजत, आपापलं आडनाव लपवत बसेल. मोर्चा कोण काढेल?

स्वाधार बंद करा असं आम्ही म्हणत नाही. उद्या बंद झाली तर दर्यापूरचा तो पोरगा परवा शेतात दिसेल. रक्कम वाढवा, सत्र सुरू व्हायच्या आधी खात्यात टाका, अन् ती वसतिगृहाऐवजी नव्हे, वसतिगृह बांधून होईपर्यंत द्या. आणि आपण? अकोल्यात, अमरावतीत वस्तीवस्तीला विहार आहेत. संध्याकाळी वंदना झाली की कुलूप. ती कुलपं काढा. एक ट्यूबलाइट, दोन सतरंज्या, नोकरीला लागलेल्यांकडून महिन्याची वर्गणी. शिकून फ्लॅटमध्ये गेलेल्या साहेबांच्या दारात उभं राहून मागा, बिनधास्त. या अभ्यासिकेला एक पैसा अनुदान घ्यायचं नाही. तिथं काय वाचायचं ते आपण ठरवू.

दरम्यान माहितीच्या अधिकाराचा अर्ज प्रत्येकानं टाकायचा, अकोल्याला वेगळा, अमरावतीला वेगळा, समाजकल्याण कार्यालयात: या वर्षी वसतिगृहासाठी अर्ज किती, जागा किती, स्वाधारचे किती मंजूर, किती हप्ते थकले. उत्तरं आली की आमच्याकडे आणून द्या. पुढच्या अंकात आकडे छापू.