यंत्र आले, ग्रंथपाल कोठे?

२ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या सहकार्याचे खरे मोल असे की, यंत्रांबरोबर ती चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे ज्ञानही आले. भारतीय अभियंते सोव्हिएत संघात शिकून आले, कामगार भट्टीसमोर शिकले. शिकलेला माणूस नसता, तर ती प्रचंड यंत्रसामग्री भंगार ठरली असती.

पोलादाच्या बाबतीत उमगलेले हे साधे सत्य शालेय ग्रंथालयांच्या बाबतीत मात्र राज्यकर्त्यांना उमगलेले दिसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे सांगितले. ग्रंथपालाचे पद मात्र सांगितले नाही. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. एवढ्या रकमेत पुस्तके येतील. ती सांभाळणाऱ्या माणसाचा पगार कोठून येणार?

संगणक आला की ग्रंथपालाची गरज उरत नाही, हा समज मुळातच खोटा आहे. दाखल नोंदवहीतील प्रत्येक पुस्तकाची नोंद प्रथम कोणीतरी संगणकात करावी लागते. हिंदी पुस्तकांवर एकाच लेखकाचे नाव कोठे ‘प्रेमचंद’ तर कोठे ‘प्रेमचन्द’ असे छापलेले असते. नोंदी जशाच्या तशा चढविल्या, तर एक नाव शोधणाऱ्या मुलाला निम्मी पुस्तके सापडत नाहीत आणि पुस्तक कपाटात असूनही ‘नाही’ ठरते. नावांची एकवाक्यता राखणे, नोंदींची दुसरी प्रत जपून ठेवणे, फाटलेले व हरवलेले पुस्तक यादीतून कमी करणे ही रोजची कामे आहेत. ज्या शिक्षकावर वर्ग, माध्यान्ह भोजन आणि निवडणुकीचे काम आधीच लादलेले आहे, त्याच्याकडून ती होणार नाहीत. त्याची बदली झाली की परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो आणि संगणकावर कापड चढते.

खर्चाची सबबही टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली २००० सालापासून सर्वांना विनामूल्य खुली आहे; राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही देशी प्रणालीही उपलब्ध आहे. प्रणाली फुकट आहे. काटकसर चालली आहे ती माणसाच्या वेतनात. महाराष्ट्रातील अर्धवेळ ग्रंथपालांनी पूर्णवेळ पदासाठी वर्षानुवर्षे केलेली मागणी हेच सांगते. एका तालुक्यातील शाळांना मिळून एक ग्रंथपाल पुरे, असाही युक्तिवाद होऊ शकेल. परंतु पुस्तक मागणारे मूल शाळेत रोज येते, फिरता ग्रंथपाल महिन्यातून एकदा.

भिलाईत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारखान्याने वसाहतीत शाळा उभारल्या. पुढे कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि त्यांतील अनेक शाळा बंद झाल्या. ठेका कामगारांच्या मुलांना सरकारी शाळेचाच आधार उरला. ७ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, छत्तीसगढ सरकारने ‘पढई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. आणीबाणीत तो उपाय होता. परंतु घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर पाळीवर जात असेल, तर पडद्यावरचे ग्रंथभांडार त्या घरापुरते कुलूपबंदच असते. शाळेतील कपाट, शाळेतील संगणक आणि तेथे बसलेला माणूस, हीच त्या मुलाची हक्काची जागा.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ, प्रशिक्षित व कायम ग्रंथपाल नेमावा. लहान शाळांच्या गटाला किमान एक मिळावा आणि त्याचे फिरतीचे दिवस ठरलेले असावेत. संगणकाच्या खरेदीबरोबरच प्रशिक्षण व दुरुस्ती यांची तरतूद व्हावी. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती आहे, तो माणूस शाळेत हजर असेल, तरच संगणकातील यादी मुलाच्या हातात पुस्तक देऊ शकेल.