बाळाबरोबर औषधांची बॅग नको, तिथला डॉक्टर हवा

मागच्या हिवाळ्यात रात्री दोनच्या सुमारास फोन वाजला. इंग्लंडमधून होता, तिथे तेव्हा साडेआठ वाजले होते. आई-वडील माझे जुने पेशंट. मुलगा नोकरीसाठी बायको आणि सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन नुकताच तिकडे गेलेला. "डॉक्टरकाका, बाळाला साडेअडतीस ताप आहे. इथल्या वेबसाईटवर पॅरासिटामॉल 5 मिलि लिहिलंय. सिरिंजमध्ये भरून ठेवलंय. देऊ ना?"

मी म्हटलं, आधी बाटली दाखव. बाटली इथून नेलेली होती, ड्रॉप्सची.

आपल्याकडे तान्ह्या बाळांसाठी जे पॅरासिटामॉल ड्रॉप्स मिळतात, त्यात साधारणपणे 1 मिलिमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. इंग्लंडमधल्या लहान मुलांच्या पातळ औषधात 5 मिलिमध्ये 120 मिलिग्रॅम असतं. म्हणजे त्या सिरिंजमध्ये 120 च्या जागी 500 मिलिग्रॅम औषध होतं, चौपटीहून जास्त. असे एक-दोन डोस लागोपाठ गेले असते, तर बाळाच्या लिव्हरला धोका होता. औषध तेच, नाव तेच, मुलगा इंजिनियर. तरी हे होऊ शकतं.

आणि ती बाटली बॅगेत गेली होती माझ्याच यादीमुळे. निघण्याआधी त्याची आई आली होती, "तिकडे डॉक्टर लवकर भेटत नाहीत म्हणे, काय काय देऊ?" मी यादी लिहून दिली. त्यात एक अँटिबायोटिकही होतं. त्या रात्रीनंतर मी परदेशी निघालेल्या बाळांसाठी अशी यादी देणं बंद केलं. काही लोक नाराज होतात. होऊ देत.

माझं मत आता पक्कं आहे. घर लावताना गॅस आणि इंटरनेटच्या आधी बाळाची नोंदणी जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे करा. व्हिसाबरोबर तुम्ही बाळासकट सगळ्यांचा हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, ती रक्कम थोडीथोडकी नसते. तरीही पहिल्या तापापर्यंत नोंदणी न केलेली घरं मी पाहिली आहेत. माझा सल्ला व्हॉट्सॲपवर फुकट मिळतो हे खरं, पण फोनवर मला बाळाची छाती ऐकू येत नाही. आपल्या 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांतही भारताबाहेरच्या पेशंटला सल्ला देण्याची तरतूद नाही.

बॅगेत खरी न्यायची गोष्ट म्हणजे लसीकरणाचं कार्ड. प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख स्वच्छ अक्षरात लिहून, शिक्का मारून घ्या. बीसीजीची नोंद विसरू नका, कारण तिथे ती सरसकट सगळ्या बाळांना देत नाहीत. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, तिथे पहिला डोस एक वर्षाला. वर्षाच्या आत दिलेला डोस ते हिशेबात धरत नाहीत आणि पुन्हा देतात. यात कुणाची चूक नसते आणि बाळाला अपायही नसतो. मुकाट्याने घ्या.

आता नेहमीची तक्रार: "इथले डॉक्टर काही देतच नाहीत." सर्दीला, साध्या खोकल्याला देत नाहीत, हे बरोबर आहे, आणि द्यायचं नसतंच. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षात आठ किंवा त्याहून जास्त वेळा सर्दी होणं तिथे नॉर्मल मानतात. अँटिबायोटिकची अपेक्षा आम्ही इथल्या डॉक्टरांनी लावलेली सवय आहे. पेशंट रिकाम्या हाताने गेला तर उद्या दुसरीकडे जाईल, ही भीती मलाही होती.

मात्र थांबायचं कधी नाही, हेही पाठ हवं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा त्याहून जास्त, तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला 39 किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर त्याच वेळी 111 ला फोन करा किंवा जीपीला गाठा. वय काहीही असो, बाळ मलूल पडलं, दूध घेईना, लघवी कमी झाली, तरी तेच. श्वासाला त्रास होत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटका आला, तर 999. अशा वेळी पुण्याला फोन करत बसू नका.

आजी येतील तेव्हा तेल-मालिश जरूर करू देत, खोली उबदार ठेवून. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. वर्षाच्या आत मध नको, गुटीतूनही नको. अंगावर पिणाऱ्या बाळाला तिथे पहिलं वर्षभर रोज साडेआठ ते दहा मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी द्यायला सांगतात. हिवाळ्यात त्या उन्हाचा काही उपयोग नसतो, त्यामुळे थेंब चुकवू नका.

त्या रात्री सिरिंज रिकामी करायला लावली. तिथल्या दुकानातून औषध आणून बरोबर डोस दिला, तासाभरात ताप उतरू लागला. फोन ठेवण्याआधी मी बाळाच्या आईला विचारलं, "आणि तू कशी आहेस गं?" ती आधी "बरी आहे काका" म्हणाली आणि मग रडायला लागली. नवरा सकाळी आठला जातो, चारला अंधार पडतो, दिवसभर मोठ्या माणसाशी एक शब्द बोलणं नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. इथे असती तर माहेरी असती, चार बायका आजूबाजूला असत्या.

बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं, आणि परदेशात ते "नवीन जागा आहे, होईल सवय" या वाक्याखाली दडून जातं. तिकडे बाळांसाठी हेल्थ व्हिजिटर नावाची नर्स असते, ती आईचीही चौकशी करते. या मुलीने तिला "एव्हरीथिंग फाइन" सांगितलं होतं, कारण इंग्रजीत रडणं जमत नव्हतं. मी तिला म्हटलं, उद्या तिलाच फोन कर आणि आत्ता मला सांगितलंस तेवढंच सांग. दुभाषा मागितला तर त्याचे पैसे पडत नाहीत.

तिने तो फोन चार दिवसांनी केला.