क्लिपमधून ‘का’ कापला जातो

लांब लिहितोय. रीलच्या सवयीनं अंगठा वर सरकला तर माझी तक्रार नाही. ती सवय लावणाऱ्यांत मीही आहे, तेच सांगायला बसलोय.

दोन खुर्च्या, दोन मोठे माइक, कानाला हेडफोन, मागं निळा-जांभळा लाइट. हा थाट आधी गेमिंगवाल्या पोरांचा. पबजी खेळत चार-चार तास लाइव्ह बोलायचं आणि त्यातली एखादी किंचाळी, एखादं हसू बघणारी पोरंच कापून पसरवणार. त्यावर दुसरा कुणी गाणं टाकणार, तिसरा कुत्र्याचं तोंड चिकटवणार. झालं मीम. चार तास कुणी बघत नाही, वीस सेकंदं सगळे बघतात. खेळापुरतं ठीक होतं. गेममध्ये कोण हरलं यावर कुणाच्या नळाचं पाणी अवलंबून नसतं.

आता तोच थाट आमच्या सोलापुरात प्रत्येक पुढाऱ्याला पाहिजे. ‘पॉडकास्ट करू की!’ म्हणतात. मीही केला. एका स्थानिक नेत्याला तासभर बसवलं. सुरुवातीला पूर्व भागातल्या एका विडी कामगार मावशींचा प्रश्न मोबाइलवर ऐकवला. “चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, ते बी रात्री दोनला. रात्रभर घागरी भरायच्या, तर सकाळी विड्या वळायला कोण बसणार?”

नेत्यानं उत्तरही दिलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. उजनीची समांतर जलवाहिनी आली तरी गल्लीतल्या जुन्या पाइपा बदलल्याशिवाय तुमच्या नळाला फरक पडणार नाही, हे त्यानं कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. त्या भागातल्या पाइपा कधी बदलणार, तो महिनाही सांगितला. पत्रकाराला आणखी काय पाहिजे?

मग चहा आला. एक घोट घेऊन तो म्हणाला, “काय बे, चहात साखर घातलीय का साखरंत चहा?”

मी काय कापलं असेल, ओळखा.

तीन दिवसांत ती क्लिप जिल्हाभर. लग्नाच्या व्हिडिओवर, परीक्षेच्या निकालावर, एसटीच्या गर्दीवर, सगळीकडं साखर आणि चहा. नेता खूश. वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर त्यानं तेच वाक्य छापून घेतलं. पूर्ण मुलाखत बघणारे माझ्या गल्लीत मावतील एवढे. त्यानं सांगितलेला महिना आला आणि गेला. कुणी विचारलं नाही, कारण तो महिना कुणी ऐकलाच नव्हता. मावशी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, “नातवानं दाखवला तुमचा इनोद. माझं पाण्याचं कुठं हाय त्यात?”

मला उत्तर देता आलं नाही.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला सहा प्रश्न घोकून घेतले होते. कोण, काय, कधी, कुठं, का, कसं. क्लिपमध्ये ‘कोण’ उरतो, थोडं ‘काय’ उरतं. ‘का’ पहिल्यांदा कापला जातो, कारण त्याला वीस सेकंदं पुरत नाहीत.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. एप्रिल २०२४. लोकसभेचं मतदान तोंडावर आणि पंतप्रधान मोदी सात गेमर्सना भेटले. मुंबईचा नमन माथुर होता, आपली मराठी पोरं ज्याला रोज बघतात तो मिथिलेश पाटणकर होता. पैसे लावून खेळायचा जुगार आणि कौशल्याचा खेळ यांत फरक कसा करायचा, यावरही तिथं बोलणं झालं. पण गाजलं काय? ‘नूब’. म्हणजे कच्चा खेळाडू. हा शब्द निवडणुकीत वापरला तर लोक विचार करतील मी कुणाला म्हणतोय, असं म्हणून मोदी हसले आणि मीम तयार. एका बाजूनं विरोधकांना नूब म्हटलं, दुसऱ्या बाजूनं ते उलटवलं. जुगाराचा भाग कुणी कापून पाठवला नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला ऑगस्ट २०२५ मध्ये.

त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या विधान परिषदेतली क्लिप आली. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातात मोबाइल, मोबाइलवर रमीचे पत्ते. मंत्री म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात स्किप करत होतो. झालं, ‘स्किप’चे मीम, ‘महाराज’चे मीम. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. त्यावर आणखी मीम.

इथं कुणी म्हणेल, बघा, मीममुळंच खातं गेलं ना? मान्य. ती क्लिप बाहेर आली नसती तर काही हललं नसतं. ती काढणाऱ्याला माझा सलाम. पण हसण्याच्या भरात एक गोष्ट राहूनच गेली. एक रुपयातला पीकविमा सरकारनं त्याच खरिपापासून बंद केला होता. सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांत उभी पिकं पाण्याखाली गेली. विमा बंद का केला, हा प्रश्न तेव्हा आठवला. जुलैत रमीवर खर्च केलेल्या हशातला दहावा हिस्सा जरी या ‘का’वर खर्च केला असता तर?

आणि आपल्या जिल्ह्याचं मीम कसं विसरू? जून २०२२, सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीतून फोनवर बोलले, “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.” मीही हसलो. बोली आपली, सूर आपला, न हसून कसं चालेल? पण राज्यातलं सरकार पडायला आलं होतं. त्या हॉटेलाचं बिल कोण भरतंय, हा प्रश्न गाण्याच्या ठेक्यात बुडाला. पुढं आमच्यातलेच माइक पुढं करून म्हणायचे, “बापू, एकदा होऊन जाऊ द्या.” सांगोल्याच्या पाण्याचं विचारायला गेलेला पत्रकार डायलॉग घेऊन परत यायचा. नोव्हेंबर २०२४ ला सांगोल्यानं बापूंना पाडलं. म्हणजे मतदार शुद्धीवर होता. झाडी-डोंगारात अडकलो होतो आम्ही.

मीम बंद करा असं मी म्हणत नाही. गरीब माणसाकडं सत्तेवर हसण्याशिवाय फार काही नसतं, ते हसू काढून घेऊ नका. माझं भांडण कापणाऱ्याशी आहे. पुढाऱ्यांना हे आमच्याआधी कळलंय. अडचणीचा प्रश्न आला की ते मुद्दाम एखादं गमतीचं वाक्य टाकतात. त्यांना माहीत असतं, हा पत्रकार नेमकं तेवढंच उचलणार. आपण त्यांची टिंगल करतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण त्यांचा फुकटचा बोर्ड लावतोय.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढं मी कापलेल्या प्रत्येक क्लिपमध्ये आधी प्रश्न असेल, मग उत्तर. गंमत मागाहून. व्ह्यूज कमी येतील, येऊ देत.

सुरुवात आज करतोय. या पोस्टसोबत ती जुनी मुलाखत पुन्हा टाकलीय. यात चहा नाही. मावशींचा प्रश्न आहे, पाइपांची कबुली आहे आणि नेत्यानं सांगितलेला महिना आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. चहावाली क्लिप ज्यांनी पुढं पाठवली, त्यांनी हीसुद्धा पाठवावी. काल रात्रीही मावशींकडं पाणी दोनलाच आलं.