पेला भरणारे हात

नांदेड-लातुराकडील सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ती ही कीं, कॉलेजांतील मुलें दारू पिऊं लागलीं. तक्रार खरी आहे. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यांत एकट्या विद्यार्थ्यास उभें करणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

प्रथम कायदाच पाहूं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत आजही लागू आहे. बियर व वाइन यांस २१, आणि कडक मद्यास २५ वर्षें पुरीं झाल्याखेरीज मुभा नाहीं. म्हणजे पदवी हातीं पडेपर्यंत बहुतेक विद्यार्थ्यांस व्हिस्कीचा थेंबही मिळतां कामा नये. तरीही बाटली त्यांच्या खोलीवर पोहोंचते. ती कांहीं आकाशांतून पडत नाहीं! वय न विचारतां ती विकणारा दुकानदार, तिकडे डोळेझाक करणारा अंमलदार, आणि पैसे पाठवून हिशेब न विचारणारा बाप, हे सारे चांगले जाणते गृहस्थ आहेत. पेला भरणारे हात त्यांचेच.

'लातूर पॅटर्न'चा आम्हांसही अभिमान आहे. परंतु त्यापायीं दहावी होतांच खेड्यांतील मूल शहरांतील भाड्याच्या खोलींत येऊन पडतें, आणि घरून त्यास एकच प्रश्न येतो: गुण किती? झोंप लागते काय, सोबती कोण, मन रमतें काय, हें पुसण्यास कोणास सवड आहे? गुण हुकले म्हणजे त्याच्या निराशेची विचारपूस करण्यास पहिला येतो तो तळीराम. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर अडाणी नव्हता; बुद्धिमान वकील होता, आणि अपमानाचें दुःख विसरण्यासाठींच त्यानें पहिला पेला तोंडास लावला. शिक्षण दारूपासून तारतें हा भ्रम शंभर वर्षांपूर्वींच फिटावयास हवा होता.

'वयच तसें, पुढारलेल्या देशांत हें चालतेंच,' असें कोणी म्हणतात. त्याच पुढारलेल्या अमेरिकेनें १९८४ सालीं कायदा करून मद्यखरेदीचें किमान वय सर्व राज्यांकडून २१ करविलें, हें त्यांस ठाऊक नसावें. आणि इतक्या दूर तरी कशास जावें? आपल्याच महाराष्ट्रांत खेड्यांतील स्त्रियांनीं मतदान घेऊन 'बाटली आडवी' केली आहे. ज्यांस आपण अडाणी म्हणतों, त्यांस जें साधलें तें आम्हां पदवीधरांस कां साधूं नये?

आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. एके दिवशीं पहिल्याच तासास आमच्या एका हुशार विद्यार्थ्याच्या तोंडास दारूचा वास येत होता. आम्हीं हजेरी मांडली व धडा पुढें चालविला. संस्थेच्या अब्रूपुढें मौन सोयीचें वाटलें. तो मुलगा वर्षअखेर परीक्षेस बसलाच नाहीं. त्या मौनाची टोंचणी आजही जात नाहीं.

म्हणून उपदेशाचीं व्याख्यानें आतां पुरेत. दुकानदारानें वय विचारावें, सरकारनें तें विचारावयास लावावें, शिक्षकानें वेळींच मुलास जवळ बोलवावें, आणि बापानें गुणपत्रकापूर्वीं मुलाचा चेहरा वाचावा. एवढें करण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांनीं तरुण पिढी बिघडली म्हणून गळा काढूं नये.