पोरं टिकत नाहीत म्हणे!

हॉटेल आणि पर्यटन धंद्यातल्या मनुष्यबळावरचे शोधनिबंध चाळले की एक रडगाणं हटकून भेटतं: पोरं टिकत नाहीत. निष्ठा नाही, कष्टाची तयारी नाही. उपायही ठरलेला. प्रशिक्षण द्या, नाहीतर ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून फोटो भिंतीवर लावा.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडच्या माणसाला हे पटायचं नाही. पुण्यात वेटर असलेला इकडचा पोरगा मृगाच्या तोंडावर गावी येतो, कारण पेरणी अंगावर आलेली असते. मालक रजा देत नाही, म्हणून तो नोकरीच सोडतो आणि पेरणी उरकली की दुसरं हॉटेल धरतो. मॅनेजर याला गळती म्हणतो, संशोधक ती जशीच्या तशी तक्त्यात उतरवतो. यात कष्टाचा कंटाळा कुठे आला?

कोणी म्हणेल, भूमला पर्यटन आहेच कुठे? कुंथलगिरी हे जैन तीर्थक्षेत्र याच तालुक्यात आहे. दिगंबर जैन आचार्य शांतिसागरांनी 1955 साली सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेऊन देह ठेवला तो इथेच. जैन यात्रेकरू सूर्यास्ताआधी जेवतात, म्हणजे भोजनशाळेतल्या आचाऱ्याची पाळी घड्याळापेक्षा सूर्यावर चालते. थंडीत तर दुपार कलते न कलते तोच पंगत मांडावी लागते. पाहुण्यांनी घरी न्यायचा पेढा ज्या खव्याचा, त्या खव्याच्या कढईवरून आटेपर्यंत हात काढता येत नाही. काढला की करपलाच. ही माणसं कोणत्या प्रश्नावलीत आली? दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने नोंदणीतूनच वगळली, तिथे कसला हजेरीपट!

या शोधनिबंधांतले परदेशी सिद्धान्त टाकाऊ आहेत, असं मात्र मुळीच नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी 1983 साली हवाई सुंदरीचं हसणं हीदेखील मजुरीच असल्याचं दाखवलं. पण त्या स्वतः प्रशिक्षणवर्गात जाऊन बसल्या, मुलींशी बोलल्या. आपल्याकडे निष्कर्ष उचलला आणि बसायचं राहून गेलं. व्यवस्थापकाच्या केबिनमधून भरून आलेल्या कागदांवर पदव्या मिळतात, हे खरं दुखणं.

तेव्हा अभ्यास करायचाच तर सोडून गेलेल्याचा माग काढत गावापर्यंत या. निष्ठा किती, हे पाचपैकी गुणांत विचारू नका. रात्री झोपायला जागा कुठे होती, पेरणीची रजा मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं, शेवटच्या महिन्याचा पगार हातात पडला का, एवढं विचारा.